आय-कार्ड आणि ओटीपी कुणाच्याही हाती देऊ नका

पहिल्या वर्षाला नुकतीच ॲडमिशन घेतलेल्या मुलामुलींना, त्यांच्या आईवडिलांना आणि कॉलेजांच्या प्राचार्यांना ही कळकळीची विनंती आहे. ती आत्ताच करायला हवी. केंद्रीय प्रवेशाचे (कॅप) राऊंड संपत आले की घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो, आणि कंपन्यांच्या विद्यार्थी सवलतींचा जोरही साधारण जून ते सप्टेंबर याच महिन्यांत असतो. नेमकं याच दिवसांत होस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि कॉलेजच्या गेटबाहेरच्या टपरीवर एक मागणी फिरू लागते : "तुझं आय-कार्ड दे, मोबाइलवर येईल तो ओटीपी सांग, पाचशे-हजार रुपये घे. बाकी तुला काही करायचं नाही."

कृपा करून देऊ नका. मेसचे पैसे थकलेल्या मुलाला पाचशे रुपये किती मोठे वाटतात, हे मी शिक्षक म्हणून रोज पाहतो. अशा मुलाला लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या पाचशेच्या बदल्यात तो काय देऊन बसतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ॲपलनं सप्टेंबर 2020 मध्ये भारतात स्वतःचं ऑनलाइन दुकान सुरू केलं, तेव्हापासून इथे शैक्षणिक दर मिळतो. एचपी, डेल, लेनोव्हो यांच्याही विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना असतात. ॲपलचा दर कॉलेज-विद्यापीठात शिकणाऱ्यांना, प्रवेश पक्का झालेल्यांना, त्यांच्यासाठी खरेदी करणाऱ्या पालकांना आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना लागू आहे. अकरावी-बारावीची मुलं प्रत्येक कंपनीच्या अटीत बसतीलच असं नाही, म्हणून अट आधी वाचा. खरेदीला मर्यादाही असते. ॲपलच्या शैक्षणिक दरात एका माणसाला वर्षात एकच लॅपटॉप घेता येतो. एजंटनं तुमच्या नावावर तो उचलला की तुमची त्या वर्षाची संधी गेली. बिल तुमच्या नावाचं, व्हेरिफाय झालेलं खातं तुमचं, पासवर्ड मात्र त्याच्याकडे. पुढे ते यंत्र कुणाला विकलं गेलं आणि त्यावर कोणते उद्योग झाले याची चौकशी निघाली, तर पहिला फोन बिलावरच्या नावालाच येणार. शिवाय खरेदी करणारा पात्र नव्हता असं उघड झालं, तर सवलतीची रक्कम परत वसूल करण्याचा हक्क अनेक योजनांच्या अटींत कंपनीनं राखून ठेवलेला असतो.

एजंटांपेक्षा अवघड प्रकरण घरातलं असतं. मामा म्हणतात, "अरे, माझ्या दुकानाला एक लॅपटॉप लागतोय, तुझ्या कार्डावर स्वस्तात पडेल." मामांना नाही कसं म्हणायचं? म्हणून पालकांनाच विनंती आहे की हे काम मुलावर टाकू नका. "त्याला स्वतःसाठी घ्यायचाय, वर्षाला एकच मिळतो," असं तुम्हीच मोठ्यांना सांगा. ते खरंही आहे आणि त्यानं कुणाचा अपमानही होत नाही.

आता पात्रता तपासतात कशी, ते नीट समजून घ्या. बहुतेक फसवणूक याच अज्ञानावर चालते. लॅपटॉप कंपनी सहसा स्वतः तुमची कागदपत्रं तपासत बसत नाही, ते काम दुसऱ्या कंपनीला दिलेलं असतं. ॲपलच्या भारतातल्या दुकानासाठी हे काम युनिडेज करते. ती इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची, 2011 मध्ये सुरू झालेली कंपनी आहे. ऑटोडेस्कचं सॉफ्टवेअर विद्यार्थी म्हणून मोफत घ्यायला गेलात तर अमेरिकेतल्या शीअरआयडीशी गाठ पडते. पद्धती मुख्यतः दोन. पहिली कॉलेजच्या ई-मेलची : तुमच्या कॉलेजनं दिलेल्या पत्त्यावर एक लिंक येते, ती उघडली की काम झालं. आपल्याकडे 'एसी डॉट इन' आणि 'ईडीयू डॉट इन' हे पत्ते एर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून फक्त शिक्षणसंस्थांनाच मिळतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवला जातो. दुसरी पद्धत कागदाची. तुमचं नाव, संस्थेचं नाव आणि तुम्ही चालू वर्षात शिकत आहात हे दाखवणारी तारीख, या तीन गोष्टी एकाच कागदावर दिसल्या पाहिजेत.

ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या कॉलेजांतली कार्डं पाहा. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी नापास झालेलं व्हेरिफिकेशन घेऊन माझ्याकडे आली होती. तिचं आय-कार्ड मी हातात घेतलं. वर संस्थेचं नाव मराठीत. खाली आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं नाव. खातं मात्र तिनं नाव आणि आडनाव एवढ्यावरच उघडलेलं. शैक्षणिक वर्ष निळ्या पेनानं लिहिलेलं आणि लॅमिनेशनच्या उष्णतेनं पसरलेलं. कॉलेजचं इंग्रजी नाव तेवढं एका कोपऱ्यात, आणि नेमका त्याच्यावरच गोल शिक्का. त्यात फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, मधोमध पांढरा झोत. समोरच्याला त्यातलं काय वाचता येणार? ती मुलगी शंभर टक्के खरी विद्यार्थिनी होती, पण कागद ते बोलत नव्हता.

उपाय साधा निघाला. तिनं ऑफिसातून इंग्रजीत छापलेलं बोनाफाईड घेतलं. त्यावर चालू शैक्षणिक वर्ष, दिल्याची तारीख आणि तिच्या खात्यावर होतं त्याच क्रमानं नाव. टेबलावर सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, चारही कोपरे येतील असा फोटो काढला आणि ते मंजूर झालं. तुमचंही कार्ड नाकारलं गेलं तर खचून एजंटकडे जाऊ नका. चालू वर्षाची फी पावती किंवा प्रवेशाचं पत्रही बऱ्याच ठिकाणी चालतं. आणि फोटोशॉपमध्ये कार्ड 'नीट करून देतो' म्हणणाऱ्या झेरॉक्सवाल्याच्या नादी तर मुळीच लागू नका. खऱ्या विद्यार्थ्यानं खोटा कागद लावला तरी तो खोटाच ठरतो.

कागद देताना हात आखडता घ्या. आय-कार्डावर रक्तगट, घरचा पत्ता, वडिलांचा मोबाइल नंबर असं बरंच छापलेलं असतं. त्यावर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा. नाव, कॉलेज आणि वर्ष दिसलं की पुरे. तुम्ही विद्यार्थी आहात हे आधार कार्डावरून कळतच नाही, मग ते कशाला द्यायचं? कुठे ओळखीसाठी द्यावंच लागलं, तर शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून काढता येतं. बँकेचं पासबुक, एटीएमचा पिन, फोनवरून कुणाला ओटीपी सांगणं, यांतलं काहीही सवलतीसाठी लागत नाही. व्हेरिफिकेशनला फीही नसते. कुणी नव्याण्णव रुपये 'प्रोसेसिंग'चे मागितले तर तिथेच थांबा.

लिंक कुठून आली तेही बघा. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून सुरुवात करा, मेसेजमधल्या लिंकवरून नको. 'पंतप्रधान मोफत लॅपटॉप', 'एक विद्यार्थी एक लॅपटॉप' असे मेसेज दरवर्षी नवं साल लावून फिरतात. ते खोटे असल्याचं पीआयबी फॅक्ट चेकनं वेळोवेळी जाहीर केलं आहे, तरी आपल्या गावागावांतल्या ग्रुपवर ते चांगल्या मनानं पुढे ढकलले जातात. त्या फॉर्ममध्ये मुलीचं नाव, जन्मतारीख आणि मोबाइल भरून कुणाच्या हाती देतोय, याचा पालकांनी क्षणभर विचार करावा.

खरेदीआधी हिशोबही मांडा. विद्यार्थी दर म्हणजे सगळ्यात कमी दर, असं नेहमीच नसतं. गणपती-दसऱ्याच्या सुमारास बँकेच्या कार्डावरची सूट धरली तर तेच मॉडेल बाजारात कधी स्वस्त पडतं. जीएसटी धरून हाती पडणारी किंमत आणि वॉरंटी शेजारी शेजारी लिहा, मग ठरवा.

प्राचार्य महोदय, आता तुमच्याशी. मोठ्या शहरांतल्या नामवंत संस्थांतल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात कॉलेजचा ई-मेल मिळतो आणि त्यांची सवलत पाच मिनिटांत मंजूर होते. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला ई-मेल नाही, आय-कार्ड दिवाळीच्या सुमारास मिळतं, आणि तोवर हंगाम संपलेला असतो. ज्याला तीन-चार हजारांची सूट सगळ्यात जास्त हवी, तोच पूर्ण किमतीचा लॅपटॉप हप्त्यावर घेतो. हे मला सहन होत नाही. गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांचीही शिक्षणसंस्थांसाठीची मूळ सेवा पात्र कॉलेजांना मोफत आहे. खर्च येतो तो मुख्यतः डोमेनचा आणि काम सांभाळणाऱ्या एका माणसाच्या वेळेचा. त्या एका पत्त्यावर मुलांना लॅपटॉपची सवलतच काय, गिटहबचा विद्यार्थी पॅकसुद्धा सहज मिळू शकतो. ई-मेलला वेळ लागणार असेल तर निदान बोनाफाईड इंग्रजीत छापा, त्यावर शैक्षणिक वर्ष टाका, आणि ते मागायला आलेल्या मुलाला "कशाला पाहिजे?" असं विचारत चार दिवस फिरवू नका. पुढच्या वर्षीच्या आय-कार्डावर नाव, संस्था आणि वर्ष इंग्रजीतही छापून घ्या. शिक्का फोटोवर मारा, कॉलेजच्या नावावर नको.

ज्यांनी आधीच कार्ड आणि ओटीपी दिला आहे, त्यांनी घाबरून गप्प बसू नये. आजच त्या खात्याचा पासवर्ड बदला आणि ई-मेलवर आणखी कोणतं यंत्र लॉगिन आहे ते बघून बाहेर काढा. ज्या कंपनीकडून खरेदी झाली तिला आणि व्हेरिफिकेशन करणाऱ्या कंपनीला लेखी कळवा. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते तपासा, अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच तक्रार करता येते. बँक खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. तिथे तासातासाला महत्त्व असतं. दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा एजंट धमकी देत असेल तर त्याचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि पोलिसांकडे जायची भीती वाटत असेल तर आधी आपल्या वर्गशिक्षकांना गाठा. त्यांनी तुमच्याबरोबर ठाण्यात यावं, ही माझी त्यांनाही विनंती आहे.