आधी नापास व्हा, मग औषध मागा

अमेरिकेतल्या आरोग्य विम्यात ‘स्टेप थेरपी’ नावाचा नियम आहे. डॉक्टरांनी लिहिलेलं महाग औषध विमा कंपनी लगेच मंजूर करत नाही. आधी स्वस्त औषध घ्या, ते लागू पडत नाही हे सिद्ध करा, मग बघू. तिथले लोक याला ‘फेल फर्स्ट’ म्हणतात, आणि हे नाव जास्त प्रामाणिक आहे. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रोजच्या गोळ्यांचा खर्च देतच नाहीत, त्यामुळे हा जाच परका वाटेल. पण न्यू जर्सीत, टेक्सासात नोकरी करणारी आपली मुलं-भाचरं याच नियमाखाली जगतात.

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनने सुरुवात करण्यात काही चूक नाही. ॲटोरव्हास्टॅटिन तिथे २०११ पासून जेनेरिक मिळतं, स्वस्त आहे, भक्कम पुराव्याचं आहे. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही पायऱ्या आहेतच : आधी स्टॅटिन, मग इझेटिमाइब, तरीही जोखमीच्या रुग्णाचं एलडीएल उतरलं नाही तर पीसीएसके-९ ची इंजेक्शनं. मग भांडण कशाचं? डॉक्टर रुग्णाकडे बघून पायरी गाळू शकतात. स्टॅटिनने पाय इतके दुखतात की जिना चढवत नाही, अशा माणसाला ‘आता दुसरं स्टॅटिन खाऊन दाखवा’ असं सांगायला कंपनीचा फॉर्मच लागतो.

आणि इथे नापास होणं म्हणजे नेमकं काय? संधिवातात औषध हरलं की सांधाच ते सांगतो. कोलेस्टेरॉल दुखत नाही. वाट पाहण्यात गेलेले महिने रक्तवाहिनीत मुकाट साचत राहतात आणि नापासाचा दाखला कधी कधी थेट हार्ट अटॅक होऊन येतो.

२०१५ मध्ये ही इंजेक्शनं बाजारात आली तेव्हा वर्षाची छापील किंमत सुमारे १४ हजार डॉलर होती. औषध कंपन्यांची हाव इथे झाकायचं कारण नाही. पण पहिल्या वर्षातल्या सुमारे ४५ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा काय दिसलं? पूर्वपरवानगीच्या चाळणीतून शेकडा ४७ जणच पार झाले, आणि आपल्या वाट्याचा खर्च भरून औषध प्रत्यक्ष हाती पडलं ते जेमतेम ३१ जणांच्या. पुढे किंमत सहा हजारांच्या खाली आली. चाळणी मात्र गेली नाही.

सगळ्यात संतापजनक भाग नोकरी बदलल्यावर येतो. तिथे विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो. नोकरी बदलली की विमा कंपनी बदलते, आणि नवी कंपनी पुन्हा पहिल्या पायरीवर उभं करू शकते. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर त्याच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस असतात. त्यात तो नवी नोकरी शोधेल की जुने रक्ताचे रिपोर्ट? याच २०१८ च्या सूचनांनी दक्षिण आशियाई वंश हा हृदयविकाराची जोखीम वाढवणारा घटक म्हणून नोंदवला आहे. म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर आपण जास्त जोखमीचे, कंपनीच्या कागदावर मात्र इतरांसारखेच रांगेत!

तीसहून अधिक राज्यांनी या नियमाला लगाम घालणारे कायदे केलेत. इलिनॉयने तर राज्याच्या कक्षेतल्या विम्यात २०२६ पासून स्टेप थेरपीवर बंदीच घातली. पण मालक स्वतःच्या पैशातून विमा चालवत असेल, तर १९७४ च्या ‘एरिसा’ या केंद्रीय कायद्यामुळे राज्याचा कायदा त्याला लागत नाही. विमा मिळणारे निम्म्याहून अधिक नोकरदार अशाच योजनांत आहेत. ही पळवाट बुजवणारं ‘सेफ स्टेप ॲक्ट’ विधेयक काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडलं गेलं. मागणी तरी काय आहे? आधी घेऊन झालेलं औषध पुन्हा घ्यायला लावू नका, अपाय होणार असेल तर पायरी सोडा, अपवादाच्या अर्जाला मुदतीत उत्तर द्या. यात क्रांतिकारक काय आहे?

तिकडच्या आपल्या माणसांना एवढं कळवा : नकार लेखी मागा. कोणतं स्टॅटिन, किती महिने, काय त्रास, एलडीएल किती, याच्या नोंदी आणि फार्मसीच्या पावत्या स्वतःकडे ठेवा, नोकरी सोडण्याआधीच. अपील करा, ते फेटाळलं तर वैद्यकीय कारणावरून दिलेल्या नकाराची कंपनीबाहेरच्या तटस्थ तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क २०१० च्या कायद्याने दिला आहे, मालकाच्या योजनेतही.