आयला आणि राबाचा धूर

वर्गात एखादं पोरगं 'आयला!' म्हणालं की मी त्याला अंगठे धरायला लावायचो. त्याच मास्तराने सत्तरी ओलांडल्यावर आयला नावाच्या बेटावरच्या व्हिस्कीबद्दल लिहावं, हा त्या पोरांचा सूडच म्हणायचा. स्पेलिंग वाचून आपण 'इस्ले' म्हणतो, पण स्कॉटलंडातली माणसं आयलाच म्हणतात.

तर मंडळी, पुतण्याने परदेशातून लाफ्रॉयगची बाटली आणली. पहिला वास थेट सरकारी दवाखान्याचा, टिंक्चर आयोडीनचा. सौ. म्हणाली, "डांबराच्या गोळ्या!" आणि उठून गेली. मी चमचाभर पाणी घातलं. मग मात्र राब आठवला.

माझी पहिली नोकरी आंबेगावच्या पश्चिम भागात, पुढे डिंभे धरणात गेलेल्या एका गावात. उन्हाळा सरताना भाताच्या रोपांसाठी शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून राब भाजत. सगळं खोरं धुरकट होई, सदरा दोनदा धुतला तरी वास जात नसे. ते गाव आता पाण्याखाली आहे. त्याचा वास असा पेल्यातून येईल, हे काही डोक्यात नव्हतं.

तिकडेही प्रकार तसाच. जव भिजवून मोड आणतात आणि वाळवताना खाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेला झाडपाला. विटांसारखा कापून, गोवऱ्यांसारखा वाळवलेला. त्याचा धूर मोडांना धरतो.

हल्ली तरुण मंडळी फिनॉलचे आकडे घोकतात. दहा लाखांत किती भाग? लाफ्रॉयगच्या जवात चाळीस-पंचेचाळीस, ऑक्टोमोरच्या एका व्हिस्कीत तर ३०९. पण हा आकडा वाळवलेल्या जवाचा, बाटलीतल्या दारूचा नव्हे. गाळण्यात बराचसा धूर गळतो, पिंपात वर्षं गेली की आणखी निवतो. आकड्यावरून व्हिस्की निवडणं म्हणजे मार्कांवरून मुलगा ओळखणं. तो धंदा मी तीसेक वर्षं केलाय, फसलोय.

नवख्याने माझं ऐकावं. आयलाच्या वाटेला एकदम जाऊ नये. आपल्या गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन बनते. तिच्या 'एडिटेड'मध्ये धूर बेताचा, 'बोल्ड'मध्ये भरपूर. पीट मात्र स्कॉटलंडचंच. गोव्याच्या उकाड्यात पिंपातून दरसाल पुष्कळ उडून जातं आणि व्हिस्की लवकर पिकते, म्हणून तिथल्या वर्षांशी इथली वर्षं ताडून पाहू नयेत. पेन्शनरांनी तिघांत एक बाटली घ्यावी. बर्फ नको, त्याने वास मरतो. सोबत भाजलेला सुका बोंबील. हे लग्न कुणा साहेबाला सुचलं नसेल.

दारूचं कौतुक करू नये, या मताचा मी होतो आणि बराचसा अजून आहे. हातभट्टीपायी पगाराच्या दिवशी घरी न पोचणारे बाप मी पाहिलेत. त्यांची पोरं पाटी फुटली तरी नवी मागत नसत. म्हणून हे लिहावं की नाही, यात दोन महिने गेले. ज्याला एकावर थांबता येत नाही, त्याने वरचं सगळं विसरावं, बोंबलासकट.

माझ्याकडे सरकारी परवाना आहे. प्रकृतिस्वास्थ्यासाठी, असं त्यावर कारण असतं. असो. दिवाळीतली बाटली अजून अर्धी आहे, फडताळात हिरड्याच्या बरणीमागे. सौ.ला जागा ठाऊक आहे.