यात्रेचं बकरं

चैत्र लागला की करवीर तालुक्यात यात्रांची बोलावणी सुरू होतात. उचगावसारख्या, शहराला लागून वाढलेल्या गावात एकाच सकाळी खाटकाला दहा दारांत बकरं कापायला जावं लागतं. दुकानात आकडा, फरशी, नळ असतो. यात्रेत आंब्याची फांदी, दोरी आणि पाण्याच्या दोन घागरी. पूर्वी शिकाऱ्याला रानात जे करावं लागे, तेच आपण परसात करतो. कोल्हापूर संस्थानात चित्त्याकडून काळवीट धरायचे. चित्त्याने गळा पकडला की चित्तेवान धावत जाऊन जनावराची मान चिरायचा आणि रक्त लाकडी पळीत धरून चित्त्यापुढे करायचा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंदी आली, पण ती चपळाई आपल्या धंद्याला अजून लागते.

यात्रेत मटण बिघडतं ते बहुधा सुरी लागायच्या आधीच. यजमान कौतुकानं रात्रभर पाला घालतो, पोट टम्म होतं आणि सोलताना जरा धक्का लागला की कोठा फुटतो. बारा तास चारा बंद, पाणी मात्र चालू ठेवावं. दुसरं, बकरी ओळीनं बांधून एकासमोर दुसरं कापतात. 2001 च्या कत्तलखाना नियमांत याला मनाई आहे. परसात तपासायला कोणी येत नाही, एवढंच. घाबरून ओढाताण झालेल्या जनावराच्या स्नायूतली साखर आधीच जळते, नंतर आम्ल पुरेसं तयार होत नाही. मांस काळपट, चिकट राहतं आणि लवकर वास मारतं. गिऱ्हाईक म्हणतं, बकरं म्हातारं होतं.

सुरी लांब आणि धारदार हवी. एका ओढीत दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या तुटल्या पाहिजेत. डोळ्याला बोट लावल्यावर पापणी हलते आहे तोवर पाय मोडू नका, कातड्याला हात घालू नका. घाई इथंच होते, कारण पुढच्या दारातून फोन येत असतो. रक्त निथळलं की अन्ननलिका श्वासनळीपासून सोडवून दोऱ्यानं घट्ट बांधा, नाहीतर उलटं टांगताच पोटातलं सगळं मानेवर येतं. कातडं सुटावं म्हणून पायाला चीर देऊन तोंडानं फुंकायची सवय काही ठिकाणी अजून आहे. माणसाच्या तोंडातले जंतू थेट मांसावर जातात. त्यापेक्षा मुठीनं सोला. केसांना लागलेला हात मांसाला लावू नका, आतडी अर्ध्या तासाच्या आत बाहेर काढा.

2019 च्या डिसेंबरात मटणाच्या दरावरून कोल्हापूर रस्त्यावर आलं. बकरं कापलं कसं, हे तेव्हाही कोणी विचारलं नाही. गिऱ्हाईक विचारणार नाही, म्हणून विसार घेतानाच आपण सांगावं: रात्री चारा नको, बाकीची बकरी घरामागे बांधा, सावलीतली फांदी बघून ठेवा. आणि दुसऱ्या दारी जाण्याआधी सुरीसाठी उकळतं पाणी मागून घ्या. रश्शाचं आधण चुलीवर असतंच.