भाड्याचं गाणं

‘पहिली कॅसेट कुठली घेतली?’ असं विचारलं की आमची पिढी लगेच हळवी होते. मला हा हळवेपणा बोचतो. माझी पहिली कॅसेट शाहीर साबळ्यांची, साताऱ्यात स्टँडजवळ घेतलेली. साबळे आमच्याच जिल्ह्यातले, वाईजवळच्या पसरणीचे. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची, यात थोर काही नव्हतं. पण ती कॅसेट माझी होती.

तुम्ही ॲपला दरमहा देता ते भाडं. करार संपला की गाणं यादीतून जातं. तुम्हाला कोण विचारतं?

अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेले. त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या अजून ऐकू येतात, त्या लोकांनी विकत घेऊन घरात जपल्या म्हणूनही. मग आपल्याकडच्या जत्रांत विकल्या गेलेल्या वगाच्या कॅसेटी कोण जपणार? त्या माळ्यावर बुरशी खातायत, नाहीतर भंगारात चालल्यात. जे कुणी चढवलंच नाही, ते अल्गोरिदम कुठून सुचवणार?

तेव्हा ‘जुनं ते सोनं’ पुरे. माळ्यावरची पेटी खाली काढा, चालणारा टेप शोधा आणि कॅसेट फोनमध्ये उतरवून घ्या. रेकॉर्डिंगचं बटण तुमच्याच खिशात आहे.