चांदणी नावाची फाइल

काय दोस्तांनो, एखाद्या फाइलचं नाव नुसतं ‘*’ असू शकेल का? हो, नुसती एक चांदणी! युनिक्समध्ये खुशाल असू शकतं. हे युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी रचायला घेतलं. १९९१ साली आलेलं लिनक्स त्याच्याच वळणावर गेलंय. इथे नावात तिरकी रेघ (/) आणि ‘नल’ नावाचं न दिसणारं चिन्ह तेवढं चालत नाही. बाकी मधे जागा सोडा, प्रश्नचिन्ह टाका, नाहीतर सरळ मराठीत लिहा!

खरी गंमत पुढेच आहे. ही चांदणी पुसायची कशी? पुसायची आज्ञा आहे ‘आरएम’. (टंकताना ती इंग्रजी अक्षरांत लिहायची बरं का, मी इथे उच्चार देतेय.) मग लिहायचं ‘आरएम *’ आणि... अरे अरे, थांबा! एंटर दाबू नका!

आपली आज्ञा आधी ‘शेल’ नावाचा प्रोग्रॅम वाचतो. त्याच्या लेखी चांदणी म्हणजे ‘इथल्या सगळ्या फाइली’. तो चांदणीच्या जागी सगळी नावं भरतो आणि यादी आरएमच्या हातात देतो. आरएम हुकमाचा ताबेदार. प्रकल्पाची फाइल, सहलीचे फोटो, सगळं साफ! टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली तेवढ्या वाचतात. आणि आरएमकडे कचरापेटी नाही, की मागाहून उचलून आणता येईल.

म्हणून नाव एकेरी अवतरणात घाला : आरएम '*'. मग शेल त्याला हात लावत नाही. नावात मोकळी जागा असली तरी हाच उपाय, नाहीतर एका नावाची दोन होतात.

नाव आडव्या रेघेने (-) सुरू होत असेल तर मात्र अवतरण कामाचं नाही. शेल ते काढून घेतो आणि आरएमला वाटतं, ही फाइल नव्हे, सूचना आहे! तिथे नावाआधी ./ जोडा. त्याचा अर्थ ‘इथलीच’. आता नाव रेघेने सुरूच होत नाही.

आणि नाव टंकताच येत नसेल तर? तर ‘आरएम -आय ./*’ लिहा. आता तो एकेक फाइल दाखवून विचारेल, पुसू का? नको त्या फाइलीला ‘वाय’ म्हणा, बाकी सगळ्यांना ‘एन’. घाईत बोट चुकवू नका हं!