एफएमचा लिलाव शहरांचा. आवाज गावापर्यंत येणार का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने 28 ऑगस्ट 2024 रोजी देशातल्या 234 नव्या शहरांत 730 खासगी एफएम वाहिन्यांचा लिलाव करायला मंजुरी दिली. सगळ्यांची मिळून राखीव किंमत ठरली 784 कोटी 87 लाख रुपये. महाराष्ट्रातल्या लातूर, चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा, गोंदिया, नंदुरबार, धाराशिव, मालेगाव, बार्शी, उदगीर आणि अचलपूर या शहरांची नावं यादीत आहेत. खासगी एफएम आजवर मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर अशा मोठ्या शहरांचा मामला होता. आता तो लहान शहरांकडे वळतोय.

ऐकायला बरं वाटतं. पण लिलाव शहराचा आहे. आजूबाजूच्या खेड्यांना त्यातून काय मिळणार, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: सिग्नल किती लांब जातो आणि पैसा कुठून येतो.

मीडियम वेव्ह गेली, तसं अंतरही गेलं

पूर्वी गावात रेडिओ लागायचा तो मीडियम वेव्हवर. परभणी, जळगाव, सांगली, रत्नागिरी ही आकाशवाणी केंद्रं त्याच लहरींवर घराघरांत पोहोचली. मीडियम वेव्हची लहर जमिनीला धरून लांबवर जाते, टेकड्या ओलांडते. रात्री तर ती आकाशातल्या वरच्या थरावरून परत फिरते आणि शेकडो किलोमीटरवर ऐकू येते. 1988 मध्ये सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरच्या 1000 किलोवॉटच्या ट्रान्समीटरवरून रात्रभर चालायची. ती 2019 च्या सुरुवातीला बंद झाली.

कारण सरळ आहे, खर्च. 100 किलोवॉटचा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर तासाला शंभराहून जास्त युनिट वीज खातो. त्याला मोठी जागा, उंच मनोरा आणि चोवीस तास माणसं लागतात. शिवाय आवाजात खरखर असते आणि नव्या मोबाईलमध्ये मीडियम वेव्ह लागतच नाही. म्हणून सगळा भर एफएमवर आला.

एफएमचा आवाज स्वच्छ, खर्च कमी. पण ही लहर सरळ रेषेत जाते. मधे डोंगर आला की पलीकडे आवाज नाही. पंतप्रधानांनी 28 एप्रिल 2023 रोजी आकाशवाणीच्या 91 एफएम ट्रान्समीटरचं उद्घाटन केलं. ते प्रत्येकी 100 वॉटचे, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढ्या ताकदीचे. सपाट रानात असा ट्रान्समीटर साधारण 10 ते 15 किलोमीटर चालतो. घाटाखालच्या वाडीला त्याचा उपयोग नाही. मोठ्या ताकदीचा एफएम जास्त लांब जातो, पण डोंगराचा नियम त्यालाही लागू.

गाणी सगळीकडे सारखीच का?

खासगी एफएमला श्रोता पैसे देत नाही, जाहिरातदार देतो. 1999 च्या पहिल्या टप्प्यात सरकारने दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढणारी ठरीव फी लावली होती. ती कंपन्यांना झेपली नाही, काहींनी वाहिन्याच बंद केल्या. 2005 पासून पद्धत बदलली: लिलावात एकदाच प्रवेश फी भरायची आणि पुढे दरवर्षी एकूण उत्पन्नाच्या 4 टक्के सरकारला द्यायचे. नव्या लिलावातही वार्षिक फी 4 टक्केच आहे.

आता हिशेब मांडून पाहा. 784 कोटी 87 लाखांना 730 ने भागलं तर एका वाहिनीमागे सरासरी 1 कोटी 7 लाखांच्या आसपास राखीव किंमत येते. शहर लहान असेल तर आकडा कमी, मोठं असेल तर जास्त. त्यावर स्टुडिओ, मनोरा, वीज, पगार, गाण्यांच्या हक्काचे पैसे. लहान शहरात जाहिरात कोण देणार? सराफ, कापड दुकान, खासगी क्लासेस, दुचाकीची शोरूम, दवाखाने. एवढ्यावर मोठा स्टाफ पोसणं अवघड. मग कंपनी मोठ्या शहरात बनवलेला कार्यक्रमच इथे लावते. स्थानिक निवेदक कमी होतो, हिंदी गाणी वाढतात. कमाई घटली की एका रात्रीत वाहिनीचा तोंडवळा बदलतो: काल नवी गाणी, आज जुनी, काल मराठी, आज हिंदी. श्रोत्याला कुणी विचारत नाही.

बातमी मात्र चालत नाही

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायला परवानगी आहे. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने सप्टेंबर 2023 मध्ये शिफारस केली, की दर तासाला 10 मिनिटांपर्यंत बातम्या आणि चालू घडामोडी द्यायला परवानगी मिळावी.

पण आजच्या नियमातही बरंच बसतं. हवामान, वाहतूक, वीज आणि पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्तीचा इशारा, आरोग्याच्या सूचना, परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या जागा, स्थानिक उत्सव हे सगळं 'बातमी' धरलं जात नाही. म्हणजे धरणातून पाणी सोडल्याचं किंवा उद्या गारपिटीचा अंदाज असल्याचं सांगायला कुठल्याही वाहिनीला आडकाठी नाही. सांगायची इच्छा आणि सांगणारा माणूस लागतो, इतकंच.

गावासाठी खरी गरज इथेच आहे. 2019 च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या अनेक गावांची वीज गेली आणि मोबाईलही बंद पडले. अशा वेळी दोन सेलवर चालणारा रेडिओच उरतो. पण त्या रेडिओवर आपल्या नदीचं नाव ऐकू आलं पाहिजे.

दुसरा रस्ता: सामुदायिक रेडिओ

माण तालुक्यात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, बारामतीची वसुंधरा वाहिनी ही सामुदायिक रेडिओची उदाहरणं आहेत. 2006 च्या धोरणानंतर सामाजिक संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही असा परवाना मिळू लागला. त्यासाठी लिलाव नाही. पल्ला लहान, पण बोली तिथलीच, बोलणारी माणसंही तिथलीच.

2024 मध्ये नियम सैल झाले. तासाला 7 मिनिटांऐवजी 12 मिनिटं जाहिरात घेता येते आणि सरकारी जाहिरातीचा दर 10 सेकंदांना 52 वरून 74 रुपये झाला. बारा मिनिटं पूर्ण भरली तर तासाला 5,328 रुपये होतात. मात्र रोज इतक्या जाहिराती मिळणं सोपं नसतं. गावची बाजार समिती, पतसंस्था, दूध संघ यांनी हात लावला तरच असं केंद्र टिकतं.

हातातल्या फोनचं काय?

बऱ्याच फोनमध्ये एफएमची चिप असते, पण ती बंद ठेवलेली असते. केंद्राने एप्रिल 2023 मध्ये मोबाईल कंपन्यांना एफएम सुरू ठेवायला सांगितलं, ट्रायनेही तीच शिफारस केली. ॲपवर रेडिओ ऐकला तर साध्या दर्जालाही तासाला साधारण 30 एमबी डेटा जातो आणि टॉवर बंद तर ॲपही बंद. चिपवरच्या एफएमला ना डेटा लागतो ना टॉवर. त्याला लागते इअरफोनची वायर, कारण तीच अँटेना. नवा फोन घेताना दुकानदाराला 'एफएम आहे का' एवढं विचारलं तरी पुरे.

विचारायला हवं ते आधीच

प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं. शहरात नवी वाहिनी येणार असं कळलं, तर ग्रामसभेने, बाजार समितीने, खासदारांनी तीन गोष्टी विचाराव्यात. मनोरा कुठे उभा राहणार आणि कोणती गावं टप्प्यात येणार? दिवसातले किती तास कार्यक्रम इथेच तयार होणार आणि मराठीत असणार? आपत्तीच्या वेळी प्रशासनाची सूचना किती मिनिटांत हवेवर जाणार?

मनोरा एकदा उभा राहिला की तो कुणी हलवत नाही. म्हणून हे विचारायची वेळ त्याच्या आधीची आहे.