न शिकवणाऱ्या चुका

हॅस्केल शिकायला घेतलेली बरीच मंडळी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिला रामराम ठोकतात. का सोडलीत म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "फंक्शनल प्रोग्रॅमिंग आपल्या डोक्याबाहेरचं आहे हो." मला हे पटत नाही. जरा खोदून विचारलं की कळतं, गाडी रिकर्शनवर अडली नव्हती, मोनाडपर्यंत तर ती पोचलीच नव्हती. ती अडली होती एखादी लायब्ररी बसवताना.

ज्या नातेवाइकांना यातलं ओ की ठो कळत नाही आणि तरीही जे प्रेमाने वाचतात, त्यांच्यासाठी: समजा तुम्ही पेटी शिकताय, पेटीचा भाता फाटलाय, आणि सूर उमटत नाही म्हणून तुम्ही ठरवून टाकलंत की आपल्याला गळाही नाही आणि कानही नाही. तसं काहीसं.

हॅस्केल कंपाइलरच्या चुका बदनाम आहेत. लांबलचक असतात, पहिल्यांदा वाचताना घाम फुटतो. पण त्यातल्या बऱ्याच चुका चांगल्या गुरुजींसारख्या असतात. 'इथे अक्षरांची यादी हवी होती, तू एकच अक्षर दिलंस.' किंवा ती प्रसिद्ध 'इन्फिनिट टाइप'वाली चूक, म्हणजे तुम्ही एखादी यादी स्वतःच्याच आत कोंबायला निघाला आहात. अशा चुकीशी अर्धा तास झटापट केली की माणूस शहाणा होऊन उठतो. तो अर्धा तास म्हणजेच अभ्यास.

आता दुसरी जात बघा. लिनक्सवर नवा कोरा कंपाइलर टाकला, चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, आणि लिंकर म्हणतो जीएमपी सापडत नाही. हे जीएमपी काय? तर हॅस्केलमधल्या पूर्णांकाला आकाराची मर्यादा नसते, आणि एवढ्या अवाढव्य आकड्यांचं गणित पडद्यामागे ही सी भाषेतली लायब्ररी करते. उबुंटूवर लिबजीएमपी-डेव्ह नावाचं पॅकेज टाकलं की संपलं. दोन मिनिटांचं काम. पण ज्याला हे ठाऊक नाही तो दोन तास स्वतःच्या चार ओळी उलटसुलट करून बघतो. आणि त्या दोन तासांत तो हॅस्केल काय शिकला? शून्य.

किंवा डेटा.मॅप घ्या. साध्या जीएचसीआयमध्ये इम्पोर्ट केलं, चाललं. तीच ओळ कबालच्या प्रोजेक्टमध्ये टाकली, तर 'हे मोड्यूल लपवलेल्या पॅकेजात आहे' असं उत्तर. लपवलेलं? कुणी लपवलं? तर कबालनेच. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये जी पॅकेजं नावानिशी लिहिलेली नाहीत, ती कबाल दाखवतच नाही. बिल्ड-डिपेंड्सच्या यादीत 'कंटेनर्स' हा शब्द घातला की झालं. नियम चांगलाच आहे, मोठ्या प्रोजेक्टात त्याचे उपकार मानावेत असा आहे. पण पहिल्या आठवड्यात त्याची गाठ पडावी असा नक्की नाही.

या दोन जाती निदान वेगळ्या ओळखू येतात. खरी वाट लावते ती तिसरी, जी दिसते टाइपच्या चुकीसारखी आणि असते कालबाह्य उदाहरणाची. हॅस्केलचा पहिला आराखडा 1990 सालचा, पण भाषेची मूळ लायब्ररी अजून हलत असते. 2015 मध्ये जीएचसी 7.10 आलं आणि नियम झाला की जो मोनाड आहे तो आधी ॲप्लिकेटिव्ह असलाच पाहिजे. 2018 मध्ये 8.4 ने मोनॉइडच्या आधी सेमीग्रुप असायची अट घातली. 2019 मध्ये 8.8 ने मोनाडमधलं 'फेल' काढून वेगळ्या घरात नेलं. तिन्ही बदल तर्काला धरून आहेत, माझी त्यांच्याशी तक्रार नाही.

पण मिरान लिपोवाचाचं 'लर्न यू अ हॅस्केल फॉर ग्रेट गुड' हे लाडकं पुस्तक 2011 चं आहे. त्यात संभाव्यतांची यादी सांभाळणारा एक छोटासा मोनाड बांधून दाखवलाय. फार सुंदर उदाहरण. ते आज जसंच्या तसं टाइप केलं तर ॲप्लिकेटिव्ह नाही म्हणून एकदा अडतं आणि 'फेल' मोनाडचं नाही म्हणून दुसऱ्यांदा. शिकणारा बिचारा एकेक अक्षर पुस्तकाशी ताडून बघतो. टायपिंग बरोबर आहे, चूक मात्र टाइपची दिसते आहे, मग निष्कर्ष काय निघणार? 'मला मोनाड कळला नाही.' अहो, तुम्हाला तो चांगला कळलाय, फक्त पुस्तक आणि कंपाइलर यांच्यात काही वर्षांचं अंतर पडलंय!

म्हणून माझं मत असं (अनुभवी लोक नाकं मुरडतील, मुरडू देत): पहिला महिनाभर एकही बाहेरची लायब्ररी बसवू नये. जीएचसीअप वापरून कंपाइलर घ्यावा, तोही सर्वांत नवा नव्हे, ज्याच्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तो. जीएचसीआय उघडावं आणि फक्त बेसवर जगावं. याद्या, फोल्ड, स्वतःचे टाइप, स्वतःचा ट्री, जमल्यास स्वतःचा छोटा पार्सर. एवढ्यात महिना सहज जातो.

यावर आक्षेप येतो की लायब्ररीशिवाय खरं काम होत नाही, आणि बिल्डची भांडणं सोडवणं हेही प्रोग्रॅमरचं कामच आहे. अगदी मान्य. पण ते वेगळं काम आहे, वेगळ्या दिवशी शिकावं. त्या दिवशी समजून घ्यावं की प्रत्येक जीएचसीबरोबर 'बेस'ची एक ठरलेली आवृत्ती येते, आणि एखादं पॅकेज त्याहून जुनी बेस मागत असेल तर कबालचा सॉल्व्हर डोकं आपटून घेणारच. अशा वेळी कंपाइलर एक पायरी खाली आणणं हा बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त उपाय असतो. 'कबाल हेल'च्या जुन्या भयकथा ऐकून घाबरू नये. 2015 साली स्टॅक आलं, एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांचे संच हाती आले. 2019 च्या कबाल 3.0 पासून प्रत्येक प्रोजेक्टचा संसार मुळातच वेगळा मांडला जातो, एकासाठी टाकलेली लायब्ररी दुसऱ्याचं घर मोडत नाही.

आणि जे धडे लिहितात, शिकवतात, त्यांच्याकडे एक मागणं. प्रत्येक उदाहरणाच्या डोक्यावर एक ओळ लिहा: जीएचसीची आवृत्ती अमुक, पॅकेजं तमुक, शेवटचं चालवून पाहिलं ते या महिन्यात. एवढी ओळ असली की दहा वर्षांनी तो कोड चालला नाही तरी वाचणारा आधी त्या ओळीकडे बघेल, स्वतःच्या डोक्याकडे नंतर.